सी++ मधून क्यूएमएलचा ऑब्जेक्ट शोधताना हाती नल का येतो

प्रश्न थोडक्यात असा. भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत लीक टेस्टिंग मशीनचा पॅनल बनतोय. सात इंची टचस्क्रीन, आत लिनक्सचा बोर्ड. स्क्रीन क्यूएमएलमध्ये (क्यूटी या सी++ टूलकिटमधली, स्क्रीन मांडायची भाषा) लिहिलेली, आणि सिरियल पोर्टवरून प्रेशर वाचणारा कोड सी++ मध्ये. वाचलेला आकडा स्क्रीनवरच्या एका टेक्स्टमध्ये टाकायचा आहे. टेक्स्टला आयडी दिलाय, सी++ मध्ये ऑब्जेक्ट नावाने शोधणारं फाइंडचाइल्ड लावलंय आणि ते नल, म्हणजे 'सापडलं नाही' असा रिकामा पत्ता, परत देतंय. एका स्क्रीनवर कसंबसं चाललं, दुसऱ्या स्क्रीनवर नाही. शिवाय मधूनच अख्खा प्रोग्रॅम कोसळतो. विचारणाऱ्याचं म्हणणं, 'एक लेबल तर बदलायचंय, त्यात एवढं काय?'

रास्त आहे. क्यूटी 4.7 बरोबर 2010 मध्ये क्यूएमएल आलं तेव्हा मीही अगदी हेच करून बसलो होतो. (बनवणारे सांगतात, नाव 'क्यूट' असं उच्चारा. हिंजवडीत मी आजवर एकालाही तसं म्हणताना ऐकलेलं नाही. आपण क्यूटीच म्हणू.) आधी तुमचा नल कुठून येतो ते बघू, मग हा रस्ताच का सोडावा ते सांगतो.

आयडी हे घरातलं लाडाचं नाव आहे. घरात सगळे बंड्या म्हणतात आणि हाक मारली की बंड्या येतो. पण पोस्टमनला बंड्या कोण ते माहीत नसतं, तो दारावरची पाटी वाचतो. आयडी फक्त त्या क्यूएमएल कॉम्पोनंटच्या आतल्या एक्स्प्रेशन्सना कळतो. ती प्रॉपर्टी नव्हे, त्यामुळे क्यूऑब्जेक्टला (क्यूटीतल्या ऑब्जेक्टांचा मूळ क्लास) विचारून ती मिळत नाही. फाइंडचाइल्ड वाचतं ती पाटी म्हणजे ऑब्जेक्टनेम. तेव्हा टेक्स्टमध्ये ऑब्जेक्टनेम वेगळं लिहा, स्ट्रिंग म्हणून, अवतरणचिन्हांत. आयडी आणि ऑब्जेक्टनेम एकच ठेवलं तरी हरकत नाही. निम्म्या लोकांचा नल इथेच सुटतो.

तरीही नल येत असेल तर शोध कुठून सुरू करताय ते बघा. फाइंडचाइल्ड मुलांमध्ये शोधतं, ज्याच्यावर ते बोलावलं त्याला स्वतःला तपासत नाही. म्हणजे सर्वांत बाहेरच्या विंडोलाच नाव दिलं असेल आणि त्याच विंडोवर फाइंडचाइल्ड लावलं असेल, तर ती स्वतःला सापडणार नाही. आणि क्यूएमएल फाइलमध्ये एखादी चूक असली तर ती लोडच होत नाही, रूटऑब्जेक्ट्सची, म्हणजे सर्वांत बाहेरच्या ऑब्जेक्टांची, यादी रिकामी राहते. त्या रिकाम्या यादीतला पहिला मागितलात की प्रोग्रॅम तिथेच आडवा होतो. कन्सोलवरची पहिली ओळ वाचायची सवय लावून घ्या. बोर्डवर कन्सोल दिसत नाही म्हणून लोक तास घालवतात, आणि चूक एका विसरलेल्या इम्पोर्टची असते.

आता जरा आडवळणाची गोष्ट, कारण 'एका स्क्रीनवर चालतं, दुसऱ्यावर नाही' याची पाळंमुळं इथे आहेत. क्यूएमएलमध्ये ऑब्जेक्टची दोन झाडं असतात. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा डोळ्यांसमोर आणा. तो दिसतो पेठेत, जेवतो पेठेतल्या मेसमध्ये, पण रेशन कार्डावर त्याचं नाव लातूरला आहे. क्यूएमएलमधल्या आयटमचंही तसंच. स्क्रीनवर तो ज्याच्या पोटात दिसतो तो त्याचा पेरेंटआयटम, आणि त्याच्या जगण्यामरण्याची जबाबदारी ज्याच्यावर तो क्यूऑब्जेक्टचा पेरेंट. साध्या फाइलमध्ये दोन्ही एकच असतात, म्हणून फरक जाणवत नाही. फाइंडचाइल्ड मात्र रेशन कार्ड घेऊन फिरतं. रिपीटर किंवा लिस्टव्ह्यूने मॉडेलवरून (डेटाच्या यादीवरून) बनवलेले डेलिगेट, म्हणजे प्रत्येक नोंदीचा एकेक आयटम, डोळ्यांना समोर दिसतात, पण फाइंडचाइल्डने ते सापडतीलच याचा भरवसा धरू नका. रिपीटरकडून हवाच असेल तर त्याच्या आयटमॲटला क्रमांक देऊन मागावा लागतो. तुमच्या दुसऱ्या स्क्रीनवर बारा स्टेशनांचे बारा आकडे रिपीटरने मांडलेले आहेत असं तुम्ही लिहिलंय. तिथे हेच होत असण्याची दाट शक्यता आहे.

पॉपअपची गंमत निराळी. पॉपअप आणि डायलॉग हे आयटम नाहीत, ते थेट क्यूऑब्जेक्टवरून आलेले आहेत. तुम्ही क्यूक्विकआयटम या, आयटमांच्या सी++ टाइपने शोधलंत तर नाव बरोबर असूनही नल येईल. क्यूऑब्जेक्ट म्हणून शोधा. तसंही रेक्टँगल, टेक्स्ट यांचे सी++ मधले खरे क्लास क्यूटीने खासगी ठेवलेले आहेत. त्यांच्या हेडर फाइली ओढून आणून कास्ट करणारे महाभाग मी पाहिलेत. पुढच्या आवृत्तीला त्यांचा कोड कंपाइल होत नाही तेव्हा ते क्यूटीलाच शिव्या घालतात.

समजा ऑब्जेक्ट सापडला. त्याचं टेक्स्ट बदलायला तुम्ही सेटप्रॉपर्टी वापराल. इथे एक मूक सापळा आहे. प्रॉपर्टीच्या नावात स्पेलिंग चुकलं तर सेटप्रॉपर्टी ओरडत नाही. ते त्या चुकलेल्या नावाची एक नवी डायनॅमिक प्रॉपर्टी बनवून ऑब्जेक्टला चिकटवतं आणि फॉल्स परत देतं. तो फॉल्स कोण बघतो? कुणीच नाही. स्क्रीन तशीच राहते आणि आपण सिरियल पोर्टला दोष देतो.

क्यूएमएलमधलं फंक्शन सी++ मधून बोलवायचं असेल तर इन्व्होकमेथड आहे. फंक्शनच्या पॅरामीटरांना टाइप लिहिलेले नसतील तर सगळे आर्ग्युमेंट क्यूव्हेरिअंट (कुठल्याही टाइपची किंमत मावणारा डबा) म्हणून द्यायचे, परत येणारंही क्यूव्हेरिअंटच. पण उद्या तुमच्यापैकी कुणी शहाण्याने क्यूएमएलमध्ये पॅरामीटरपुढे टाइप लिहिला, जो लिहिणं चांगलंच आहे, की सी++ च्या बाजूलाही नेमका तोच टाइप द्यावा लागतो. नाहीतर हाक पोचतच नाही. क्यूएमएलवाल्याने सुधारणा केली आणि सी++वाल्याचं बंद पडलं, अशी भांडणं मी सोडवली आहेत. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

आणि कोसळण्याचं कारण? तुम्ही लिहिलंय की पोर्ट वाचायला वेगळा थ्रेड (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारं काम) आहे आणि त्याच थ्रेडमधून लेबल बदलता. तिथेच थांबा. स्क्रीनवरचे ऑब्जेक्ट मुख्य थ्रेडचे असतात, दुसऱ्या थ्रेडने त्यांना हात लावायचा नाही. दहा वेळा चालेल, अकराव्या वेळी पडेल, आणि पडेल तो नेमका ग्राहकासमोर. थ्रेडमधून सिग्नल सोडा आणि मुख्य थ्रेडमधल्या ऑब्जेक्टच्या स्लॉटला (सिग्नल आला की चालणारं फंक्शन) जोडा. सिग्नल सोडणारा थ्रेड आणि ऐकणाऱ्या ऑब्जेक्टचा थ्रेड वेगळे असले तर क्यूटी आपोआप तो निरोप रांगेत लावून देतं.

इथवर तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर झालं. आता माझं खरं म्हणणं.

फाइंडचाइल्डविरुद्ध बोलताना लोक 'आर्किटेक्चर', 'सेपरेशन' असे जड शब्द वापरतात, आणि भोसरीतल्या माणसाला वाटतं, आपलं मशीन छोटं, आपल्याला ते काय करायचंय. मला त्या शब्दांचं फारसं प्रेम नाही. माझं कारण एकच आहे: क्यूएमएलमधला ऑब्जेक्ट कधी जन्मतो आणि कधी मरतो हे सी++ च्या हातात नसतं. लोडर (गरज पडेल तेव्हा क्यूएमएलचा तुकडा बनवणारा आयटम) ॲक्टिव्ह होईपर्यंत आतलं काही अस्तित्वातच नसतं. लोडर असिंक्रोनस असेल तर तो कधी तयार होईल तेही आधी सांगता येत नाही. पेजं एकावर एक रचणाऱ्या स्टॅकव्ह्यूला कॉम्पोनंट देऊन पेज पुश केलं की ते तेव्हा बनतं आणि पॉप केलं की नष्ट होतं. तुम्ही ज्याचा पत्ता खिशात ठेवून फिरताय ते घर कधीच पाडलेलं असू शकतं.

हे मी चाकणला शिकलो. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका कारखान्यात आमचा पॅनल लागला होता. प्रोग्रॅम सुरू होताना आम्ही सगळी लेबलं एकदा फाइंडचाइल्डने शोधून त्यांचे पॉइंटर, म्हणजे पत्ते, क्लासमध्ये साठवले होते, वेग वाढावा म्हणून. महिनाभर उत्तम चाललं. मग पॅनल पडायला लागला, पण फक्त सेकंड शिफ्टला. आम्ही आधी अर्थिंग तपासलं, मग केबल बदलली, मग सिरियल कन्व्हर्टर बदलला. दोन दिवस नाशिक फाट्यापासून पुढे ट्रॅफिकमध्ये गेले, ते वेगळेच. शेवटी मी शिफ्टला नुसता बसून राहिलो आणि पाहिलं. सेकंड शिफ्टचा सुपरवायझर पार्ट बदलताना सेटिंग्जमध्ये जाऊन रेसिपी बदलायचा. फर्स्ट शिफ्टला एकच पार्ट चालायचा, त्यामुळे तिकडे कुणी जायचंच नाही. मधल्या अपडेटमध्ये आमच्याच क्यूएमएलवाल्या मुलाने मुख्य पेज स्टॅकव्ह्यूमध्ये रिप्लेसने बदलायला सुरुवात केली होती. सेटिंग्जमधून परत आलं की लेबल नवं आणि आमच्या खिशातला पॉइंटर जुन्या, मेलेल्या लेबलचा. त्या मुलाची काडीचीही चूक नव्हती. आपल्या फाइलमधलं एक लेबल सी++ च्या कुठल्यातरी कोपऱ्यात कुणी धरून ठेवलंय हे त्याला कळणार कसं?

साधा पॉइंटर न ठेवता क्यूपॉइंटर ठेवला असता तर ऑब्जेक्ट गेल्यावर तो आपोआप नल झाला असता, आणि पॅनल पडला नसता. पण आकडाही दिसला नसता. लीक टेस्टिंगच्या मशीनवर आकडा न दिसणं हे पॅनल पडण्यापेक्षा वाईट, कारण पडलेला पॅनल निदान लगेच लक्षात येतो.

म्हणून दिशा उलटी करा. सी++ ने स्क्रीनवर कुणाला शोधायचं नाही. सी++ ने आपली माहिती एका ठरलेल्या जागी मांडून ठेवायची, आणि ज्या लेबलला ती हवी त्याने येऊन बघायची. लेबल आत्ता जन्मलेलं असो की तासाभरापूर्वीचं, एक असो की बारा, सी++ ला फरक पडत नाही.

प्रत्यक्षात असं करा. एक क्लास लिहा, त्याला टेस्टस्थिती म्हणू, क्यूऑब्जेक्टवरून आलेला. त्यात क्यू_प्रॉपर्टी मॅक्रोने प्रेशर ही प्रॉपर्टी मांडा, तिला वाचणारं फंक्शन द्या आणि बदल कळवणारा नोटिफाय सिग्नल द्या. नोटिफाय विसरलात तर बाइंडिंग (लेबलाची प्रॉपर्टीशी बांधलेली गाठ) एकदा आकडा वाचेल आणि पुन्हा हलणार नाही. कन्सोलवर क्यूटी तशी तक्रारही करतं, नॉन-नोटिफायेबल प्रॉपर्टीवर अवलंबून आहे म्हणून. सेट करणाऱ्या फंक्शनमध्ये नवी किंमत जुनीएवढीच असेल तर सिग्नल न सोडता परत फिरा. क्यूएमएलमध्ये मग टेक्स्टच्या पुढे थेट टेस्टस्थितीचं प्रेशर लिहायचं, हवे तेवढे दशांश ठेवून. संपलं. ऑब्जेक्टनेम नको, फाइंडचाइल्ड नको.

हा क्लास क्यूएमएलला दिसावा कसा, याचे रस्ते काळानुसार बदलत गेले आणि त्यामुळे जुनी उत्तरं वाचून गोंधळ होतो. 4.7 च्या काळातल्या उदाहरणांत क्यूडिक्लेरेटिव्हव्ह्यू दिसेल. 2012 मध्ये क्यूटी 5 आल्यावर ती जागा क्यूक्विकव्ह्यूने घेतली आणि 5.1 पासून क्यूक्यूएमएलॲप्लिकेशनइंजिन मिळालं. तेव्हा सगळे सेटकॉन्टेक्स्टप्रॉपर्टी वापरायचे आणि आजही ते चालतं. मी मात्र नव्या कामात वापरत नाही. ते नाव हवेतून उगवल्यासारखं येतं, त्यामुळे क्यूएमएललिंटसारख्या, चुका आधीच शोधणाऱ्या टूलला ते कळत नाही आणि स्पेलिंगची चूक थेट मशीनवर गेल्यावर सापडते. 5.15 पासून क्लासमध्ये क्यूएमएल_एलिमेंट हा मॅक्रो लिहिला आणि बिल्डमध्ये मॉड्यूलचं नाव दिलं की झालं. साऱ्या पॅनलला मिळून एकच ऑब्जेक्ट असेल, तुमच्यासारखा, तर सोबत क्यूएमएल_सिंगलटन. तुम्हाला तो सी++ मध्ये स्वतः बनवून द्यायचा असेल तर आणखी सरळ रस्ता म्हणजे मुख्य विंडोत रिक्वायर्ड प्रॉपर्टी मांडायची आणि इंजिनच्या सेटइनिशियलप्रॉपर्टीजमधून ती भरायची. तो द्यायचा राहिला तर विंडो उघडणारच नाही. मला हे आवडतं. मशीन उभारतानाच रुसलेलं बरं.

मेन फंक्शनमध्ये एक क्रम पाळा. टेस्टस्थितीचा ऑब्जेक्ट आधी, इंजिन त्याच्यानंतर. सी++ मध्ये शेवटी जन्मलेला आधी जातो, म्हणजे बंद होताना इंजिन आधी जाईल आणि मग टेस्टस्थिती. उलटं केलंत तर बंद करताना 'नलची प्रॉपर्टी वाचता येत नाही' अशा ओळींचा पाऊस पडतो. त्याने बिघडत फारसं नाही, पण लॉग बघणारा ग्राहक घाबरतो. याच जातीची आणखी एक मेख: क्यू_इन्व्होकेबल फंक्शनमधून पेरेंट नसलेला ऑब्जेक्ट क्यूएमएलला परत दिलात तर त्याची मालकी जावास्क्रिप्टकडे जाते आणि गार्बेज कलेक्टर (नको झालेले ऑब्जेक्ट साफ करणारा) तो वाटेल तेव्हा उचलतो. पेरेंट द्या, किंवा मालकी सी++ कडे आहे असं इंजिनला स्पष्ट सांगा.

बारा स्टेशनांसाठी बारा प्रॉपर्ट्या लिहू नका. क्यूॲबस्ट्रॅक्टलिस्टमॉडेलवरून एक मॉडेल करा, रिपीटरला ते द्या, एखाद्या स्टेशनचा आकडा बदलला की त्या ओळीपुरता डेटाचेंज्ड सिग्नल सोडा. पहिल्यांदा लिहायला अर्धा दिवस जातो, मग विसरून जायचं.

तुमचा सेन्सर सेकंदाला किती रीडिंग देतो ते लिहिलेलं नाही. शंभरएक देत असेल तर प्रत्येक रीडिंगला सिग्नल सोडू नका. स्क्रीन साधारण सेकंदाला साठ वेळा रंगते आणि ऑपरेटरचा डोळा त्याहून मंद. टेस्ट पास की फेल हे ठरवायला सगळी रीडिंग सी++ मध्येच वापरा, स्क्रीनसाठी मात्र टायमर लावून 100 मिलिसेकंदांनी ताजा आकडा पुढे करा. शेवटचा अंक थरथरणारा डिस्प्ले बघून ऑपरेटर मशीनवरच संशय घेतो, हेही अनुभवाने सांगतो.

अलार्मचं काय, असं तुम्ही शेवटी विचारलंय. लीक सापडली की सी++ ने डायलॉग उघडायचा आहे. सहज सुचतं ते असं: टेस्टस्थितीने सिग्नल सोडायचा आणि क्यूएमएलमध्ये कनेक्शन्स लावून तो ऐकायचा. चालतं. पण सिग्नल ही हाक आहे आणि प्रॉपर्टी हा फळा. हाक मारली तेव्हा ऐकणारं पेज लोडच झालेलं नसेल तर ती हवेत विरते, कुणाला पत्ताही लागत नाही. फळ्यावर लिहिलेलं उशिरा येणाऱ्यालाही वाचता येतं. म्हणून अलार्म आहे की नाही ही प्रॉपर्टी ठेवा, डायलॉगचं दिसणं तिच्याशी बांधा, आणि ऑपरेटरने बटण दाबलं की क्यूएमएलने सी++ चं 'अलार्म मान्य' असं एखादं इन्व्होकेबल फंक्शन बोलवावं, तेच ती प्रॉपर्टी खाली करेल. डायलॉगने स्वतःला परस्पर बंद करू नये. नाहीतर स्क्रीन म्हणते सगळं ठीक आणि मशीन म्हणतं लीक आहे. हाक फक्त बीपसारख्या गोष्टींना, जी चुकली तरी चालेल.

मग फाइंडचाइल्ड कधीच वापरायचं नाही? टेस्ट लिहिताना खुशाल वापरा, तिथे ते हक्काचं आहे. बटण शोधा, दाबा, लेबलावर काय आलं ते तपासा. ऑब्जेक्टनेम मी आजकाल मुख्यतः टेस्टसाठीच देतो. दोन तासांत दाखवायचा डेमो असेल तरीही चालेल, फक्त तो डेमो पुढे प्रॉडक्ट होऊ देऊ नका. होतोच म्हणा. आणि विंडोचं हँडल हवं असेल, स्क्रीनशॉट घ्यायचा असेल, तर रूट ऑब्जेक्टपर्यंत जाणं योग्यच आहे. रूट सगळ्यांत आधी येतो आणि सगळ्यांत शेवटी जातो, त्याच्या आयुष्याबद्दल शंका नसते.

ही सवय येते कुठून तेही मला माहीत आहे. अँड्रॉइडच्या एक्सएमएल लेआउटवर वाढलेला माणूस फाइंडव्ह्यूबायआयडी शोधत येतो. तिथे तीच रीत होती आणि तिथेही नल हातात यायचाच. जेटपॅक कम्पोज आल्यावर तर तिकडे शोधायला व्ह्यूच उरला नाही.

तुमच्या कोडमध्ये आजच चाळीसएक फाइंडचाइल्ड असतील आणि डिलिव्हरी तोंडावर असेल, तर सगळं एकदम उखडू नका. आधी थ्रेडचं निस्तरा, कारण कोसळणं बहुधा तिथून येतंय. मग जी पेजं लोडर किंवा स्टॅकव्ह्यूमध्ये आहेत तेवढीच टेस्टस्थितीवर आणा. कायम स्क्रीनवर असणाऱ्या हेडरमधली घड्याळ, लॉगिनचं नाव असली लेबलं तात्पुरती तशीच राहू द्या, पण त्यांचे पॉइंटर क्यूपॉइंटर करा आणि सेटप्रॉपर्टीने फॉल्स दिला तर लॉगमध्ये ओळ टाका. एक मात्र लगेच तपासा: सी++ मधून ज्या टेक्स्टमध्ये लिहिताय त्याला क्यूएमएलमध्ये आधीच एखादं बाइंडिंग आहे का. असेल तर दोघं एकमेकांवर लिहीत बसतील, आणि कोण जिंकेल ते तुम्ही कुठल्या वाटेने लिहिलंत त्यावर ठरेल. एका प्रॉपर्टीला मालक एकच हवा. दुसऱ्या स्क्रीनचा रिपीटर आणि त्याच्या आसपासची क्यूएमएल फाइल पाठवलीत तर मॉडेलमध्ये कोणते रोल (प्रत्येक ओळीतले रकाने) लागतील ते नेमकं सांगता येईल.